मडगार्डचा रंग

९ जानेवारी

भुंग्या,

माझं अक्षर बघून तुला आधी वाटेल, कोणीतरी गेलं. कोणीही गेलेलं नाही. आईचे गुडघे, अण्णांचा हेका आणि माझं तोंड, तिन्ही जिथल्या तिथे आणि जसेच्या तसे आहेत.

मला एक प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर देईल असा तुझ्याशिवाय दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. प्लास्टिकच्या छोट्या गाडीच्या काचा पांढुरक्या कशाने होतात? काल रात्री बसवल्या तेव्हा लख्ख होत्या. सकाळी बघते तर आत कोणीतरी चहा उकळत ठेवल्यासारखी वाफ धरलेली. पुसून जात नाही, धुवून जात नाही. नखाने खरवडून बघितलं, आता वर ओरखडाही आहे.

तू म्हणशील, ताई आणि गाड्या? तर झालं असं. माळ्यावर पाणी गळायला लागलं म्हणून सगळं खाली काढलं, त्यात तुझे खोके निघाले. न जोडलेल्या गाड्यांचे. अण्णा माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "देऊन टाक कोणाला तरी." मी बरं म्हटलं. मग थोड्या वेळाने बघते तर अण्णाच कोरडं फडकं घेऊन एकेक झाकण पुसतायत. आपल्या घरात न बोलण्यात सगळेच पटाईत.

देण्याआधी म्हटलं, आत आहे तरी काय बघू. मेला चौकस स्वभाव नडतो माझा. उघडलं, तर प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्या चौकटींना फळं धरावीत तसे चिकटलेले गाडीचे भाग. दार, आरसा, दिवा, नखाएवढं स्टिअरिंग. आता तूच सांग, जी बाई गेली वीसेक वर्षं लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या करते, दाढेचा एकेक उंचवटा कानशीने घासून बसवते, तिच्यासमोर असं ताट वाढलं तर ती उठेल का? उठले नाही. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली आणि तिसऱ्यांदा "नसती उठाठेव" म्हणून स्वतः जेवून घेतलं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता आईने दिला. तिच्याकडे तो आहे, हे मला आजच कळलं. लिफ्टच्या कंपनीचा पत्ता आहे, म्हणजे तू अजून लिफ्टच दुरुस्त करतोस वाटतं. खाली-वर करणाऱ्या यंत्राला हात लावतोस आणि पुढे-मागे जाणाऱ्याला नाही, हे मला नेहमी नवल वाटतं. असो. काचेचं तेवढं सांग.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

भुंग्या,

कार्ड मिळालं. "काचेला सुपरग्लू लावत नाहीत. त्याची वाफ बसते. पांढरा गोंद लाव." इतकंच. नऊ वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात ना मायना, ना सही, नुसता गोंद! मी हसले आणि मग रडले आणि मग पांढरा गोंद आणला. बरोबर आहे तुझं. सुकल्यावर काचेसारखाच पारदर्शक होतो. का होतो रे? ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक, हे उलटं नाही का?

कार्ड आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणाली, "अक्षर सुधारलंय." मग ते कार्ड माझ्या हातातून घेऊन आत गेली. परत मागायची माझी हिंमत नाही.

पहिली गाडी पुरी झाली. लाल. एक चाक जमिनीला टेकत नाही, तीन पायांवर उभ्या कुत्र्यासारखी दिसते. दुसरी बरी झाली, पण रंग गुळगुळीत करायला पाणी लावून पॉलिश पेपरने घासत होते, आणि बॉनेटच्या कडेवर एकदम आतलं पांढरं प्लास्टिक वर आलं. सपाट भागावर पाच मिनिटं घासलं तरी काही होत नाही आणि कडेला दोन हात मारले की रंग गायब. पुन्हा रंग मारला, पुन्हा घासलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मला गंमत दिसली. घासलेल्या जागी गोल गोल वलयं उमटली होती, बाहेर लाल, आत प्राइमरचा करडा, त्याच्या आत पांढरं. कांदा आडवा चिरल्यासारखं. मी तो खराब झालेला बॉनेट टाकलाच नाही, टेबलावर ठेवलाय. चूक असली तरी दिसते छान.

आता मुद्द्याचं. मला आपली गाडी करायची आहे. हो, आपलीच, जिला आई "तुमच्या वडिलांची धाकटी" म्हणायची ती. अण्णा एप्रिलमध्ये पंचाहत्तर वर्षांचे होतील, तेव्हा द्यायची. तिचं खोकं कुठेच मिळत नाही. पण तुझ्या खोक्यांतल्या एका चार दारांच्या गाडीचं छप्पर आणि दुसरीचं नाक जुळवलं तर साधारण तसं होतं. मी कापाकापी सुरू केलीय. बाकी सगळं जमेल, रंगावर घोडं अडलंय.

अण्णा म्हणतात आकाशी. आई म्हणते राखाडी, आणि वर म्हणते, "लग्नातल्या माझ्या शालूचा रंग विचारा त्यांना, तो नाही आठवायचा." मला स्वच्छ आठवतो तो हिरवट. लॅबमधली दातांच्या रंगांची पट्टी घेऊन पांढऱ्याचे सोळा प्रकार डोळे मिटून ओळखते मी, मी तरी फसणार नाही. फोटो सगळे काळेपांढरे, नाहीतर पिवळे पडलेले. एका गाडीबद्दल तीन माणसं तीन रंग छातीठोकपणे सांगतात, हे कसं काय? तुला कोणता आठवतो?

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. "त्या गाडीचं मला काही विचारू नकोस."

ठीक आहे. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, झोंबू देत. पण एकदा मला माझ्या तोंडाने सांगू दे, कारण मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होते आणि मला जे कळलं ते आईकडून, तुकड्या-तुकड्यांत. चुकत असेन तर खोडून पाठव.

तू पहाटे मित्राला स्टेशनवर सोडायला गाडी घेऊन गेलास. परत आलास, झोपलास. सकाळी बातमी आली की बेकरीच्या वळणावर आपल्या दूधवाल्याला कोणीतरी गाडीवाला धडकून पळाला, सायकल चेपली, पाय मोडला, गाडी फिक्या रंगाची होती. अण्णा अंगणात गेले आणि त्यांना आपल्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर हातभर तडा दिसला. आदल्या दिवशी नव्हता. ते तुला उठवायला आले नाहीत. चपला घातल्या, दवाखान्यात गेले, दूधवाल्याचा सगळा खर्च भरून आले आणि मग तुला म्हणाले, "मी निस्तरलंय. आता यावर बोलायचं नाही."

तू म्हणालास, "काय निस्तरलंत? मी काही केलंच नाही."

ते म्हणाले, "म्हटलं ना, बोलायचं नाही."

बरोबर? पुढे ते मडगार्ड बदललं, वर्षभरात गाडी विकली, आणि तोवर तू गेला होतास. त्या सगळ्या महिन्यांत त्यांनी तुला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, झालं काय. आई सांगते, तू तीन वेळा विषय काढलास आणि तीन वेळा ते उठून गेले. गुन्हा केला नाही त्याची माफी परस्पर मागून टाकलेली, आणि तीही बापाने. मला तुझ्या जागी ठेवून बघितलं तर मीही गाडीला हात लावला नसता.

मी तुझ्या बाजूची आहे, तेव्हाही होते. पण माझ्या असण्याने काय होतं? तुला हवेत ते अण्णा. आणि अण्णांना, मी सांगते तुला, हवा आहेस तू. मी कापलेल्या छपराचा जोड बघून परवा म्हणाले, "भुंग्याने असा जोड दिसू दिला नसता." नाव घेतलं! मग स्वतःच दचकले आणि पाणी प्यायला गेले. नंतर भिंग घेऊन परत आले. आता रोज संध्याकाळी समोर बसतात आणि चुका काढतात. "स्टिअरिंग एवढं मोठं नव्हतं." "मागचा दिवा उभा होता." एक स्क्रू धरायला सांगितला तर धरणार नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकायला तयार.

तर मला गाडीही पुरी करायचीय आणि तुम्हा दोघांना समोरासमोरही बसवायचंय. लपवून काय करू? पहिली गोष्ट सोपी वाटली म्हणून तिथून सुरुवात केली. रंग सांग.

तुझी ताई


११ मार्च

भुंग्या,

खाली बसून वाच.

तू लिहिलंस, "पंपावर झाकण म्हणून ठेवलेलं जुनं मडगार्ड अजून असेल. घासून बघ. सगळे रंग त्यातच आहेत." अरे, रोज सकाळी पंप सुरू करताना ते पत्र्याचं झाकण मी उचलते आणि बाजूला ठेवते, मला एकदाही सुचलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काल सुट्टी होती. आई-अण्णा बाजारात गेलेले. मडगार्ड ओट्यावर घेतलं, धुतलं, आणि तुझ्या छोट्या गाड्यांवर वापरते तोच बारीक कागद पाणी लावून फिरवायला लागले. तळहाताएवढ्या जागेत. वरून आकाशी. म्हटलं, अण्णा जिंकले. आणखी घासलं, त्याच्याखाली हिरवट! मी एकटीच ओरडले तिथे. त्याखाली राखाडी, म्हणजे आईही खोटं बोलत नव्हती. दोनदा रंगवली होती आपण, विसरलोच होतो सगळे. ज्याला जो रंग आवडला त्याने तो धरून ठेवला. टेबलावरच्या त्या बिघडलेल्या बॉनेटवर होती तशीच वलयं, फक्त मोठी.

मला तिथे थांबायला हवं होतं. रंग कळला, काम झालं. पण राखाडीच्या खाली पत्रा कसा दिसतो ते बघायची खाज. घासत राहिले. पत्रा आलाच नाही. गुलाबी आलं.

गुलाबी कसलं, म्हणून नख लावलं तर भुकटी निघाली. लांबी होती ती, रंगारी पोचा बुजवायला भरतात ना, ती. पातळ नाही, करंगळीच्या जाडीची, मडगार्डच्या पुढच्या अर्ध्या भागात थापलेली. आणि ती राखाडीच्या खाली आहे, भुंग्या! तिन्ही रंगांच्या खाली. गाडी घेतली तेव्हा ती राखाडी होती. म्हणजे आपण घ्यायच्या आधीच कोणीतरी ती कुठेतरी आपटली होती आणि लांबी भरून, रंग मारून आपल्या गळ्यात मारली होती.

मग मी तो तडा बघितला. नीट बघितला, भिंग लावून. तड्याच्या बाजूने लांबी पत्र्यापासून सुटलीय आणि आत सगळा गंज. जुना, काळा पडलेला, पापुद्रे धरलेला. ओला गंज आतून फुगत फुगत आला आणि एके दिवशी वरचा रंग फुटला. मडगार्ड उलटं करून बघितलं. आतून ठोकून पत्रा सरळ केल्याच्या खुणा आहेत आणि त्या खुणांवर काळा डांबरी थर आहे, एकसंध, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. त्या पहाटे कोणाला धडक बसली असती तर तो थर उडाला नसता का?

आमच्याकडे असले पेशंट येतात. डॉक्टर सांगतात, दर दुसरा माणूस म्हणतो, "जेवताना खडा लागला आणि दाढेतलं सिमेंट निघालं." खडा-बिडा काही नसतो. आत कीड पोखरत असते, सिमेंट आज ना उद्या पडणारच असतं, आणि पडतं तेव्हा तोंडात जो घास असेल त्याच्यावर आळ येतो. तू तो घास होतास. गाडी त्या दिवशी तुझ्या हातात होती, एवढाच तुझा दोष.

मी ओट्यापाशी उभी राहून आई-अण्णांची चाहूल लागेपर्यंत ते बघत होते. आता अण्णांसमोर नेऊन ठेवते आणि म्हणते, बघा. फक्त आधी तुला सांगावं म्हणून थांबलेय. मडगार्ड माझ्या खाटेखाली आहे. पंपावर परात ठेवलीय, आई परात शोधतेय.

तुझी ताई


२९ मार्च

भुंग्या,

या खेपेला कार्ड नाही, पाकीट! दोन पानं! आणि दोन पानांत म्हणणं काय, तर दाखवू नकोस.

मी रागाने पत्र चुरगाळलं, मग सरळ करून पुन्हा वाचलं. तू लिहितोस, "मडगार्ड बघून त्यांनी मला खरं मानलं तर त्यांनी मडगार्डला खरं मानलं, मला नाही." लिहितोस, "मला नऊ वर्षं पुरावा नको होता. एकदा विचारायला हवं होतं." आणि खाली, जसं काही झालंच नाही तसं, "रंग भरशील तेव्हा त्यात थोडा पांढरा मिसळ. खरा रंग जसाच्या तसा लहान गाडीवर मारला तर गडद दिसतो."

हे रंगाचं मी करून बघितलं. पत्र्यावरच्या सगळ्यात वरच्या आकाशी रंगाशी तंतोतंत जुळवून दोन तुकडे रंगवले, एक नुसता, एक पांढरा मिसळून. नुसता असलेला खरा असूनही खोटा वाटतो! अण्णांनाही दाखवले. त्यांनी पांढरा मिसळलेल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा. हीच ती." मला यावर तासभर विचार करावासा वाटतो, पण तुझ्या पहिल्या वाक्याने डोक्यात दुसऱ्या कशाला जागा ठेवलेली नाही.

अरे गाढवा, हातात सूर्य आहे आणि तू म्हणतोस पडदा ओढ? ते पंचाहत्तरीला आलेत. त्यांनी आपणहून विचारायची वाट बघत बसलास तर पुढच्या जन्मी भेटाल. मी एकदा ठरवलं होतं, तुला न सांगता दाखवून टाकायचं. मडगार्ड खाटेखालून काढलंही. आणि दारापर्यंत जाऊन परत आले, कारण मला तुझं म्हणणं पटलं, हाच तर वैताग आहे. कोणी माझ्या खोलीची झडती घेऊन मग म्हणालं, "तू चोर नाहीस हं," तर मी त्याचे आभार मानीन का?

तर मी असं करते. मडगार्ड दाखवत नाही. त्याचं नावसुद्धा काढत नाही. नुसतं विचारते. त्यांचं उत्तर चांगलं आलं नाही, तरी तुला जसंच्या तसं कळवीन. एवढं तरी मला करू दे. आणि तू नको म्हणालास तरी तुझं पत्र येईपर्यंत मी विचारलेलं असेल.

तुझी ताई


६ एप्रिल

भुंग्या,

विचारलं.

काल संध्याकाळी. आई शेजारी गेली होती. टेबलावर गाडी होती, प्राइमर मारलेली, करडी. मी चाकं बसवत होते आणि गाडी उलटी धरायला अण्णांना दिली होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून बसले होते. मुद्दाम तेव्हा विचारलं, कारण हातात गाडी असताना त्यांना उठून जाता आलं नसतं. आहेच मी आतल्या गाठीची.

म्हटलं, "अण्णा, दूधवाल्याला भुंग्याने धडक दिली होती का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, झालं, आता मूग गिळून बसतील. मग म्हणाले, "नाही."

हातातलं चाक घरंगळलं. म्हटलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच रात्री."

"कशावरून?"

"तो जेवला नाही." मग म्हणाले, "तो खोटं बोलून आला की दोन घास जास्त खायचा. लहानपणापासून. माझी पेनं मोडली तेव्हा, शाळा बुडवून तलावावर गेला तेव्हा. ताट चाटूनपुसून स्वच्छ. त्या रात्री त्याने ताटाला हात लावला नाही. मला तेव्हाच कळलं, पोर खरं बोलतंय."

भुंग्या, मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, मग बोलला का नाहीत? नऊ वर्षं! तो तिकडे, आई इकडे झुरतेय, आणि तुम्ही हे पोटात घेऊन बसलात?

ते म्हणाले, "सकाळी मी घाबरलो. पोलीस येतील, पोराचं आयुष्य जाईल. विचार न करता धावलो, पैसे भरले. सगळ्या गल्लीला कळलं. रात्री कळलं की चुकलो. आता काय म्हणू? गल्लीत कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, उद्या बोलू. उद्या लाज वाटली. परवा जास्त वाटली. मग तो गेला." आणि म्हणाले, "तो विषय काढायचा तेव्हा मी उठून जायचो ना, ते त्याचं ऐकायचं नव्हतं म्हणून नाही. त्याच्याकडे बघवायचं नाही."

इतकं सगळं बोलताना त्यांनी गाडी अजिबात हलू दिली नाही.

मला राहवेना. मी शब्द दिला होता आणि तो पाळलाही होता, उत्तर आलं होतं, म्हणून म्हटलं आता हरकत नाही. म्हटलं, "अण्णा, थांबा, मी तुम्हाला एक दाखवते. त्या मडगार्डच्या आत—"

"दाखवू नकोस."

"पण त्यात स्पष्ट दिसतंय की—"

"जे असेल ते असू दे. मी बघितलं तर तो म्हणेल, बघून बोलतायत. जा, पंपावर ठेव ते. तुझी आई परातीसाठी माझं डोकं खातेय."

शब्दसुद्धा तेच रे! सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. तुम्हा दोघांना एकाच चौकटीतून कापून काढलंय आणि कापल्याची खूणसुद्धा कोणी घासलेली नाही.

मी म्हटलं, हे सगळं मी त्याला लिहू का? म्हणाले, "तू काय लिहायचं ते लिही. माझं मी सांगेन." मी कागद-पेन पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "चुकीचं निस्तरायला चालत गेलो होतो, मग हेही चालत जाऊनच सांगायला हवं. त्याच्या गावाला बस कुठून सुटते?"

तुझी ताई


८ एप्रिल

भुंग्या,

हे जलद टपालाने पाठवतेय. अण्णांच्या आधी पोचेल की नंतर, देव जाणे.

ते उद्या सकाळच्या बसने निघतायत, तुझ्या पाकिटामागचा घरचा पत्ता खिशात घालून. एकटे. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू आलीस तर तूच बोलशील." आई म्हणाली मी येते, तर म्हणाले, "तू आलीस तर तू रडशील आणि मग मला बोलायची गरजच उरणार नाही." वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, ते म्हणाले तिकडेच होईल झाला तर. आईने त्यांच्या पिशवीत तुझ्यासाठी स्वेटर कोंबलाय. तुझ्या गावी थंडी असते की नाही हे आम्हा कोणालाच माहीत नाही.

गाडी बुटाच्या खोक्यात कापूस घालून दिलीय, मांडीवर ठेवायला. करडीच आहे, रंग मारलेला नाही. मडगार्ड पंपावर गेलं, परात स्वयंपाकघरात. मी ते पुन्हा कोणाला दाखवणार नाही. माझी चौकशी आता पुरे झाली.

एक सांगायचं राहिलं. आज दुपारी मी न्हाणीघरावरून जात होते, आतून अण्णांचा आवाज आला. म्हटलं, कोणाशी बोलतायत? थांबले. ऐकायला नको होतं, पण मी मी आहे. ते एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणून बघत होते. "भुंग्या, तू खरं बोलत होतास आणि मला ते माहीत होतं." एकदा कडक आवाजात. एकदा अगदी हळू. एकदा नुसतं "भुंग्या, तू" आणि मग नळ सोडला. नळ बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण वाक्य एकदाही धड शेवटपर्यंत गेलं नाही. "माहीत होतं"पाशी आवाज तुटतो त्यांचा.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हातारा माणूस, दारात उभा, एवढा प्रवास करून आलेला. तुला बघवणार नाही, तू पिशवी घेशील, "असू द्या अण्णा, झालं ते झालं" म्हणशील आणि आत नेशील. तसं करू नकोस. पिशवी घे, पाणी दे, बसव. मग तूही समोर बस आणि गप्प राहा. कितीही वेळ लागला तरी त्यांना ते वाक्य शेवटपर्यंत बोलू दे.

तुझी ताई